तिसरी घंटा : उत्सवी नाटकातल्या नायक-नायिकांची पत्रं

दिवाळी आटोपली, भाताची झोडणी उरकली की आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत देवळाच्या सभामंडपातून पेटीचे सूर यायला लागतात. त्रिपुरी पौर्णिमा, माघी गणपती, महाशिवरात्र, रामनवमी, हनुमान जयंती. ज्या देवाचा जो उत्सव, त्याचं नाटक. या दिवसांत या सदराकडे येणारी पत्रंही बहुतेक नाटकाचीच असतात, आणि या वेळची सगळी संगीत नाटकातल्या मुख्य भूमिकेविषयी आहेत. मी रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीच्या उत्सवात रुक्मिणी, सुभद्रा, रेवती अशा भूमिका करत आले, आता मुलांच्या तालमी घेते. उत्तरं त्या अनुभवातली आहेत.

प्रश्न : बाई, मी देवगड तालुक्यातली. वय चोवीस, पतसंस्थेत नोकरी. प्रवेशिका पूर्णपर्यंत गाणं शिकले आहे. आमच्या महाशिवरात्रीच्या उत्सवात यंदा ‘संगीत सौभद्र’ आहे आणि सुभद्रा माझ्याकडे आली आहे. पाठांतर झालंय, पदंही सुरात बसली आहेत. पण आमचे दिग्दर्शक काका रोज म्हणतात, “गातेस छान, पण पद सुरू झालं की सुभद्रा निघून जाते.” त्यांचं म्हणणं पटतं, पण करायचं काय ते समजत नाही. घरी आरशासमोर हावभाव करून बघितले, ते आणखीच खोटे वाटतात.

उत्तर : पहिलं म्हणजे आरसा बंद कर. आरशासमोर आपण चेहरा बघत बसतो आणि सुभद्रेला त्या वेळी चेहऱ्याची शुद्ध नाही. तिच्या मनात अर्जुन आहे आणि बलरामदादांनी तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवून टाकलंय.

तुझं काय होत असणार ते मला न बघता सांगता येईल, कारण आमच्याकडे तालमीला येणाऱ्या बहुतेक मुलींचं तेच होतं. गद्य संपतं, ऑर्गनवर सा धरला जातो, तू दोन पावलं पुढे येऊन माइकपाशी उभी राहतेस, हात पोटाशी, नजर मांडवाच्या शेवटच्या रांगेवर. ज्या सखीशी तू आत्ता बोलत होतीस ती मागे तशीच उभी. तिच्याशी चाललेलं बोलणं तू अर्ध्यावर टाकलंस आणि गायला लागलीस. काका ‘सुभद्रा निघून जाते’ म्हणतात ते हेच.

यामागे थोडा इतिहास आहे, तो तुझ्या कामाचा आहे. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या तऱ्हेच्या नाटकांत पदं म्हणायचा सूत्रधार. पात्रं त्याप्रमाणे अभिनय करायची आणि आपापली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. म्हणजे सीता रडणार, पण तिचं रडणं गाणार दुसराच कुणी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं, त्यात शकुंतला, दुष्यंत, कण्व आपापली पदं स्वतः गायला लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांचंच ‘सौभद्र’ आलं. सुभद्रेच्या तोंडी आलेलं पद म्हणजे तिनेच बोलायचं पुढचं वाक्य, इतकी साधी गोष्ट आहे ती. संगीत नाटकातल्या नायिकेचं निम्मं काम मला यातच दिसतं.

आमच्या तालीम मास्तरांनी माझ्याकडून हे कसं करून घेतलं ते सांगते. उत्सवाच्या महाप्रसादाचे तांदूळ निवडायला बायका सभामंडपात बसायच्या. मास्तरांनी माझ्यापुढे एक सूप ठेवलं, सखी करणाऱ्या मुलीला समोर बसवलं आणि म्हणाले, “पद गायचं नाही. तिला सांग. आणि हात थांबवायचा नाही.” मी खडे काढत पदाचे शब्द तिला सांगू लागले. ओळी सरळ गेल्या. मग एका शब्दावर माझी बोटं आपोआप थांबली, तांदळात तशीच. मास्तरांनी वहीत त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा तिथेच हात थांबला. “जागा, म्हणजे सुरांची हरकत, घ्यायची ती इथे,” म्हणाले, “बाकी सगळं सरळ गा.” त्या पदात मी कित्येक उत्सव तेवढी एकच हरकत घेत आले आणि लोक त्याच ठिकाणी दाद द्यायचे.

तू हे करून बघ. तांदूळ नसतील तर कपड्यांच्या घड्या घाल, पण हातात काहीतरी काम असू दे आणि समोर तीच मुलगी असू दे.

मग पदाच्या आधीचं वाक्य घे. ते सोडवलंस की पद सुटतं. गद्यातलं शेवटचं वाक्य हळूहळू तुझ्या सा च्या जवळ आणायचं. गायचं नाही, बोलायचंच, पण आवाज त्या घरात येऊन थांबला पाहिजे. ऑर्गनवाल्यांना सांग की लांबलचक वाजवून तुला उठवू नका, तुझ्या शेवटच्या वाक्याखाली बारीक सा धरून ठेवा. पदाची पहिली ओळ सखीकडेच बघून म्हण. दुसऱ्या वेळी ती ओळ येईल तेव्हा तिच्याकडून नजर काढ, कारण तोवर सुभद्रा स्वतःशी बोलायला लागलेली असते. ध्रुवपद जितक्या वेळा परत येतं तितक्या वेळा ते परत म्हणायला कारण लागतं. कारण सापडत नसेल तर तेवढी आवृत्ती काढून टाक. कोणी विचारणार नाही.

ताना कमी ठेव. किर्लोस्करांच्या पदांत साकी, दिंडी, कामदा असे प्रकार पुष्कळ आहेत. कीर्तनातून लोकांच्या कानात आधीच बसलेल्या त्या चाली. गोष्ट पुढे न्यायला त्या घेतलेल्या आहेत. तिथे ख्यालाचं, म्हणजे रागदारी मैफलीचं, सामान ओतलं की शब्द बुडतात. नाट्यपदात ख्यालाच्या बंदिशींचा भरणा खरा झाला तो पुढे, भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्या तेव्हा. तो वेगळा बाज आहे. आणि तू मोबाईलवर मैफलीतली नाट्यपदं ऐकून तालीम करत असशील तर उत्सव होईपर्यंत ती बंद ठेव. मैफलीतल्या पदाला आधीचं वाक्य नसतं आणि नंतरचंही नसतं.

एक काम मात्र आवर्जून कर. तुमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस चालू असतील. एक रात्र दशावताराला जाऊन बस, पेटीवाल्याच्या बाजूला जागा धर आणि स्त्री-भूमिका करणाऱ्या नटावर लक्ष ठेव. त्याच्या हातात संहिता नाही, संवाद जागच्या जागी रचतोय. पण बोलता बोलता त्याचा शब्द वर चढतो, पखवाज आत येतो आणि तो गायला कधी लागला ते आपल्याला समजतसुद्धा नाही. तुला जे शिकायचंय ते तो नट रात्रभर करत असतो.

प्रश्न : मी गुहागरकडचा, शाळेत शिक्षक, वय सेहेचाळीस. ‘संशयकल्लोळ’मध्ये आश्विनशेठ करतोय. माझा आवाज पांढरी एकला, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी सा धरून, मोकळा लागतो. मुंबईहून येणारे आमचे ऑर्गनवादक त्याहून उंच काळी दोनचा आग्रह धरतात, म्हणतात त्याशिवाय पदाला तेज येत नाही. रेवती करणाऱ्या ताई काळी चारमध्ये गातात. मधल्या मध्ये तबलजी वैतागले आहेत. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुमच्या गळ्याचं ऐका. ऑर्गनवादकांचा मान ठेवून त्यांना एवढं सांगा की एकदा अख्खं नाटक पहिल्या अंकापासून काळी दोनमध्ये करून बघू आणि शेवटच्या अंकातलं पद आलं की ठरवू. पट्टी नेहमी शेवटच्या पदावरून ठरवावी. संध्याकाळी सातला ताज्या गळ्याने काळी दोन कोणालाही सोपी वाटते. रात्री साडेअकराला, दोन-अडीच तास गद्य बोलून झाल्यावर वरच्या सप्तकातल्या गंधारावर जाताना ‘आ’चा ‘ॲ’ व्हायला लागला, जबडा पुढे यायला लागला की समजावं, पट्टी आपली नाही. ‘संशयकल्लोळ’मध्ये तर हे चालणारच नाही. देवलांनी हे नाटक आधी गद्यच लिहिलं होतं, १८९३ साली ‘फाल्गुनराव’ या नावाने. पदं घालून ते गंधर्व नाटक मंडळीकडे आलं १९१६ मध्ये. म्हणजे पदांशिवाय उभं राहिलेलं हे नाटक आहे. त्यात शब्द कळला नाही तर हशा येत नाही, आणि हशा आला नाही तर तुमच्या काळी दोनच्या तेजाचा काही उपयोग नाही.

आता हिशेब. तुम्ही पांढरी एक धरलीत तर तिचा पंचम, म्हणजे प, पांढरी पाच. ताईंना विचारा, काळी चारवरून अर्धा स्वर खाली येऊन पांढरी पाच चालेल का. बहुतेक चालते, उलट गद्याला जवळची पडते. तसं झालं की तुमचा पंचम हाच त्यांचा सा. एकापाठोपाठ पदं आली तरी कानाला धक्का बसत नाही आणि पांढरी पाचला लावलेला एकच तबला तुम्हाला पंचमात आणि ताईंना षड्जात चालून जातो. ताई खाली यायला तयार नसतील तर तुम्ही अर्धा स्वर वर या, काळी एक धरा. तिचा पंचम काळी चार. दोन्हींतून एक जमेलच. तबलजींचा वैताग दोन्हीकडून मिटतो.

तबल्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या किनाऱ्यावर उघड्या मांडवात रात्री दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, उतरते. पहिल्या अंकात लावलेला तबला दुसऱ्या अंकापर्यंत खाली गेलेला असतो आणि नायकाला वाटतं आपणच बेसूर होतोय. विंगेत तबल्याच्या जोडीपाशी उबेसाठी एक साधा पिवळा बल्ब लावून ठेवायला सांगा आणि प्रत्येक अंकाच्या आधी तबलजींना दोन मिनिटं मिळालीच पाहिजेत. पडदा ओढणाऱ्या पोराला बजावून ठेवा की त्यांनी मान हलवल्याशिवाय दोरी हातात घ्यायची नाही.

पट्टी एकदा ठरली की मग उत्सवापर्यंत बदलू नका. कोणी कितीही मोठा माणूस तालमीला येऊन सुचवून गेला तरी.

प्रश्न : नमस्कार काकी. मी हर्णैचा. बंदरावर मासळीच्या लिलावात बोली पुकारतो. वाडीच्या मंडळाने ‘शारदा’ घेतलंय, मी कोदंड. संध्याकाळी लिलाव, रात्री नऊला तालीम. पहिल्या पदाला आवाज लागतो, नंतर फुटतो. आई ज्येष्ठमध देते, खडीसाखर देते. प्रयोगाला आवाज टिकेल का?

उत्तर : टिकेल, पण लिलावापासून सुरुवात करायला लागेल. तुझा आवाज तालमीत फुटत असला तरी दमतो तो बंदरावर. आधी तुझं कौतुक करते. दिवसभर बर्फात आणि डिझेलच्या धुरात उभं राहून रात्री कोदंड करायला येणारा मुलगा मंडळाला मिळाला, हे मंडळाचं भाग्य आहे. भर सभेत म्हाताऱ्या भुजंगनाथाविरुद्ध उभा राहणारा तरुण तुझ्या गळ्याला शोभेल. तुला चारचौघांत आवाज द्यायची सवय आहे, ती गाण्याची तालीम घेतलेल्या पोरांना नसते.

लिलावात तू एकाच वरच्या सुरावर ओरडत असशील, सगळेच तसं पुकारतात. तो सूर दोन-तीन स्वर खाली आण आणि जबडा सैल सोड. आकडा लांबवू नकोस, तोडून म्हण. उत्सवाच्या आधीचे आठ-दहा दिवस जोडीदाराला अर्धा लिलाव पुकारायला सांग. तो हो म्हणेल. नाटक त्याच्याही वाडीचं आहे.

लिलाव ते तालीम यात एक तास पूर्ण मौन. फोनही नाही. आणि मौन म्हणजे कुजबुजणंसुद्धा नाही. हळू कुजबुजत बोललं की घसा वाचतो असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात कुजबुजताना स्वरतंतूंवर ताण येतोच. घसा खाकरायची सवय असेल तर तीही सोड. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घे. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं असतं. विंगेत उभं राहून तांब्याभर पाणी प्यालं तर ते पदाच्या वेळी कामाला येत नाही.

आईचा ज्येष्ठमध चालू दे. घशाला बरं वाटतं, तोंडाला पाणी सुटतं, तेवढा फायदा आहे. मात्र गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही, ती अन्ननलिकेत जाते, त्यामुळे खडीसाखरेने फुटलेला आवाज जुळत नाही. वाफ मात्र तिथपर्यंत पोचते. तालमीआधी पाच-सात मिनिटं साध्या पाण्याची वाफ घे, बाम न टाकता. नंतर ग्लासात अर्धं पाणी घेऊन त्यात शहाळ्याची नळी बुडव आणि नळीतून ‘ऊ’ करत बुडबुडे काढ, खालून वर, वरून खाली. घरातली पोरं हसतील. हसू देत. गळा गरम करायचा इतका हलका व्यायाम दुसरा नाही.

तालमीत सगळं भरून गाऊ नकोस. उठण्या-बसण्याची, रंगमंचावर कुठे उभं राहायचं त्याची तालीम असेल तेव्हा पद खालच्या सप्तकात, अर्ध्या आवाजात म्हण. भरून गायचं ते दिग्दर्शक सांगतील त्याच दिवशी. रात्री उशिरा घरी जाऊन तिखट जेवून लगेच आडवा होतोस का? तेही सोड. पोटातलं आम्ल वर येऊन रात्रभर घशाला लागतं, आणि सकाळी आवाज बसलेला असला की खापर मात्र थंडीवर फुटतं. तालमीहून गाडीवर जाताना गळ्याला मफलर हवाच. पहाटेकडे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारी मतलई सुटते, कोरडी आणि बोचरी.

आवाजाचा घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घे. आणि प्रयोगाच्या दिवशी कोणी ‘आवाज उघडायचं’ इंजेक्शन देतो म्हणाला तर, ज्याने तुझे स्वरतंतू बघितलेले नाहीत त्याच्याकडून ते घेऊ नकोस.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातल्या एका उत्सव मंडळाचा कार्यवाह. नायिकेसाठी आम्ही वर्षानुवर्षं बाहेरून कलाकार आणतो. यंदा गावातल्याच एका सुनेचा आवाज आणि पाठांतर उत्तम आहे, तिची इच्छाही आहे. पण काही ज्येष्ठ म्हणतात, बाहेरची नटी असली की प्रयोग उठतो. तुमचं मत?

उत्तर : सुनेला द्या. यंदाच द्या.

बाहेरून येणाऱ्या कलाकारांविषयी माझ्या मनात फार आदर आहे. त्या आज या गावात, उद्या पलीकडच्या खाडीपार, दुपारी येऊन एक उभी तालीम करतात आणि रात्री अख्खं नाटक ओढून नेतात. तुमचा नायक मध्येच गप्प झाला तर त्याचंही वाक्य त्या आपल्या वाक्यात घालून घेतात. त्यांना बोलावलंत तर मानधनात घासाघीस करू नका, आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली द्या. मी हे मुद्दाम लिहिते आहे.

पण पद समोरच्या पात्राशी बोलण्यातून उगवायचं असेल तर ते समोरचं पात्र नायिकेने महिनाभर रोज बघितलेलं असलं पाहिजे. एका तालमीवर हे बसत नाही, कितीही गुणी बाई असली तरी. तुमची सून हे करू शकेल, आणि नायकही तिच्याबरोबर वाढेल.

मात्र भूमिका दिली म्हणजे मंडळाचं काम संपलं असं समजू नका. अध्यक्षांनी स्वतः तिच्या घरी जाऊन सासूबाईंशी बोलावं. तालीम साडेआठला सुरू करून साडेदहाला संपवावी. साडेदहा म्हणजे साडेदहा. मूल लहान असेल तर तालमीच्या वेळी ते कोण सांभाळणार, हे तिने नव्हे, मंडळाने ठरवावं. घरी सोडायला रोज एक बाई माणूस बरोबर. एवढं झालं तर ती गाईल. झालं नाही, तर रंगीत तालमीच्या आठवडाभर आधी ती भूमिका सोडेल आणि तेच ज्येष्ठ म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो.

प्रश्न : ‘सौभद्र’ रात्री बाराच्या आत संपवायचं आहे. मी दिग्दर्शक. पदं कापायला घेतली तर अर्जुन रुसला, म्हणतो माझीच का? (रत्नागिरी तालुका)

उत्तर : पूर्वीसारखं पहाटेपर्यंत नाटक आता चालत नाही हे खरं आहे. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा, आणि वर्षातल्या ठरवून दिलेल्या पंधरा दिवसांपुरती बारापर्यंत सूट. तुमचा उत्सव त्या दिवसांत येतो ना, ते आधी तहसील कार्यालयात विचारून घ्या. नाही तर तुम्ही बारा धरून बसाल आणि दहाला पोलीस येतील.

पदं कापायच्या आधी सत्कार कापा. नाट्यप्रयोगाच्या आधी देणगीदारांची नावं, मान्यवरांचे नारळ, दोन भाषणं यांत पाऊण तास जातो. नावं फळ्यावर लिहून प्रवेशद्वारापाशी लावा, सत्कार दुपारी महाप्रसादाच्या वेळी करा. तो पाऊण तास अण्णासाहेबांना परत मिळाला पाहिजे. दुसरं, देखावे बदलताना जाणारा वेळ मोजा. एक प्रवेश पुढच्या पडद्यासमोर, दुसरा त्याच्या आत, अशी आखणी केली तर अंधारात प्रेक्षक ताटकळत नाहीत.

एवढं करूनही पदं कापावी लागतीलच. ‘सौभद्र’च्या छापील संहितेत ती शंभराच्या घरात आहेत. ज्या पदात पात्र काही ठरवतं, काही लपवतं किंवा त्याला काही नवं कळतं, ते ठेवा. गद्यात सांगून झालेलंच पुन्हा सांगणारं पद जाऊ द्या. कोणत्याही मुख्य पात्राचं पहिलं पद कापू नका. गावाला त्याच्या आवाजाची ओळख तिथे होते. आणि पद कापलंत तर त्याच्याकडे नेणारी दोन-तीन गद्य वाक्यंही कापा. नाहीतर अर्जुन गाण्यासाठी श्वास घेतो आणि गातच नाही, असं दिसतं.

रुसलेल्या अर्जुनाला ८ जुलै १९२१ ची गोष्ट सांगा. मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव भोसले नायक धैर्यधर. दोघे दोन वेगळ्या नाटक मंडळ्यांचे मालक, दोघांचे चाहते एकमेकांशी भांडणारे. तरी एका कामासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. मग त्याच्या हातात पेन्सिल द्या आणि सांगा, तुझी पदं तूच काप. नायकाने आपल्या पदांवर स्वतः रेघ मारली की मग नारद, कृष्ण, रुक्मिणी कोणी तक्रार करत नाही.

जाता जाता, पुढच्या वर्षीचा विचार करत असाल म्हणून. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांच्या संहितांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो. पण ‘मत्स्यगंधा’सारखं अलीकडचं नाटक घेतलंत तर लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी आधी मागवा.

प्रश्न : पदाला वन्स मोअर आला तर घ्यावा का? आमच्याकडे घेतला नाही तर लोक रागावतात. (मालवण)

उत्तर : उत्सवातला वन्स मोअर प्रेमाचा असतो. पुढच्या रांगेत तुमच्या शाळेतल्या बाई बसलेल्या असतात, मुंबईहून रजा काढून आलेला चुलतभाऊ असतो. त्यांना नाही म्हणू नये असं मला वाटतं. पण कोणत्या पदाला घ्यायचा हे दिग्दर्शकाबरोबर तालमीतच ठरवून ठेवा. प्रसंग थांबलेला असतो तिथे घ्यावा. कोणीतरी धावत येऊन बातमी देणार आहे अशा जागी घेऊ नये, कारण विंगेत तो माणूस एक पाय पुढे टाकून उभा असतो.

घेतलात तर अख्खं पद पुन्हा नको. अंतरा आणि ध्रुवपद पुरे. नमस्कार करायला भूमिका सोडून पुढे येऊ नका, जागेवरूनच मान किंचित लववा. समोरच्या पात्रालाही शिकवून ठेवा, तुम्ही दुसऱ्यांदा गाताना त्याने प्रेक्षकांकडे बघून हसायचं नाही, पहिल्यांदा ऐकतोय तसंच ऐकायचं. पद संपलं की ऑर्गनने सा धरून ठेवायचा आणि तुम्ही पदाच्या आधीचं तुमचं शेवटचं गद्य वाक्य पुन्हा एकदा, हळू, त्याच्याकडे बघून म्हणायचं. टाळ्या त्या वाक्यावर शांत होतात आणि त्याचं उत्तर नीट ऐकू येतं.